स्पायडरचे रोप, मागाची धूळ आणि बाटलीतले पाणी

वर्षावासाच्या दिवसांत रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही अर्धा तास आरोग्यावर बोलतो. त्या रविवारी रक्तदाबावर बोलायचे ठरले होते. बोलणे सुरू होण्याआधीच मागे बसलेल्या एका ताईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे ठेवली. बाटलीच्या तोंडाशी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या लांब पानांचा झुबका होता आणि खाली पाण्यात पांढरी मुळे सुटली होती.

"हे स्पायडर प्लांट. मुलीने मोबाईलवर बघितलं. नासाने सांगितलंय म्हणे, हे घरात ठेवलं की हवा शुद्ध होते. आमच्या मिस्टरांना मागावरचा खोकला आहे ना, दोन महिने झाले जात नाही. म्हणून उशाशीच ठेवलंय. बरोबर केलं ना?"

आमच्यातल्या एकाने बाटली दारातल्या उजेडात धरली. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या, वर येत होत्या, पुन्हा खाली जात होत्या. रक्तदाब त्या दिवशी राहून गेला.

त्यानंतर कामतघर, नारपोली, शांतीनगर अशा तीन-चार ठिकाणी हाच प्रश्न आम्हाला विचारला गेला. रोप सगळीकडे पोचले आहे. त्याच्यासोबत अर्धवट माहितीही पोचली आहे. म्हणून या वेळचे पान या रोपासाठी.

झाड चांगले आहे, हे आधीच सांगून टाकतो. ते मूळचे आफ्रिकेतले. शास्त्रातले नाव क्लोरोफायटम कोमोसम. नाव परके वाटले तरी घराणे आपल्या ओळखीचे आहे. पहिला पाऊस झाला की पडघा, वाडा, शहापूरकडच्या आदिवासी भगिनी रानभाज्या घेऊन बाजारात बसतात. त्यांच्या टोपलीत गवतासारख्या लांब पानांची जुडी असते. कुणी तिला फोडशी म्हणते, कुणी कुलूची भाजी. तीही क्लोरोफायटमच. औषधवाले जी सफेद मुसळी विकतात, तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम, आणि ते आपल्या बोरिवलीवरून पडलेले आहे. तेव्हा कुंडीतले स्पायडर म्हणजे फोडशीचे आफ्रिकेतले चुलत भावंड. म्हणून कुणी कुंडीतली पाने चिरून कढईत टाकू नयेत, ती खायची भाजी नव्हे. मात्र ते विषारीही नाही. रांगत्या मुलाने किंवा मांजराने पान चावले तर फार तर पोट थोडे बिघडेल. हे मुद्दाम सांगतो, कारण नर्सरीत मोठ्या ठिपकेदार पानांचे डिफेनबॅकिया नावाचे झाड मिळते. त्याचे पान चावले तर तोंडाची आग होते, जीभ आणि घसा सुजतो. मनी प्लांटचे पानही तोंडात गेले की आग करते. घरात लहान मूल असेल तर या तिघांत स्पायडरच बरे.

कुणी सांगेल, हे झाड अमुक दिशेला ठेवले की पैसा येतो. आम्हाला विचाराल तर दिशा एकच पाहायची, उजेड कुठून येतो ती. दुसरे कुणी सांगेल की रात्री झाडे घातक हवा सोडतात, झोपायच्या खोलीत नकोत. झाड रात्री आपल्यासारखाच श्वास घेते, हे खरे. पण एका कुंडीचा तो श्वास इतका थोडा असतो की त्याने झोपलेल्या माणसाला काही होत नाही. शेजारी झोपलेला माणूस त्याहून कितीतरी जास्त हवा वापरतो.

नासाने नेमके काय केले?

अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेतले शास्त्रज्ञ वॉल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. बंद यानात किंवा अंतराळ स्थानकात खिडकी उघडता येत नाही. मग आतल्या हवेत साचणारी रसायने कशी कमी करायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी हवाबंद पारदर्शक पेट्या घेतल्या, आत कुंडी ठेवली, फॉर्माल्डिहाइड, बेंझीन अशी रसायने सोडली आणि किती कमी होतात ते मोजले. स्पायडरवर तर असा प्रयोग त्याच्याही आधी झाला होता. पेटीतली रसायने कमी झाली. इथपर्यंत मोबाईलवरची गोष्ट खरी आहे.

पण आपले घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. दार उघडते, पत्र्याखालच्या फटीतून वारा येतो, शेजारच्या घरातला फोडणीचा धूर आपल्या घरात शिरतो. २०१९ साली अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला. साध्या वायुवीजनाने जितकी हवा साफ होते तितकी झाडांकडून करून घ्यायची, तर दर चौरस मीटर जमिनीला १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपली १० बाय १० फुटांची खोली साधारण ९ चौरस मीटरची. म्हणजे अगदी कमीत कमी धरले तरी ९० कुंड्या. मग माणसांनी झोपायचे कुठे? जे काम ९० कुंड्या करतील ते एक उघडी खिडकी करते.

आणखी एक गोष्ट. नासाच्या पेटीत रसायनांचे वायू होते. सुताची धूळ नव्हती, चुलीचा धूर नव्हता, मच्छरची कॉईल नव्हती. कॉईलबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण आम्ही एका घरात स्पायडरची कुंडी आणि जळती कॉईल एकाच फळीवर पाहिली. चीन आणि मलेशियातल्या कॉईली जाळून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की एक कॉईल जळून संपेपर्यंत जितके अतिसूक्ष्म धुराचे कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात. ज्या फॉर्माल्डिहाइडसाठी स्पायडरचे कौतुक होते, तेसुद्धा एका कॉईलमधून ५१ सिगारेटींइतके निघू शकते. दार-खिडकी लावून, कॉईल पेटवून, उशाशी स्पायडर ठेवून झोपणे म्हणजे नळ सोडून ठेवायचा आणि चमच्याने पाणी उपसायचे. मच्छरदाणी लावा. ती एकदा घेतली की वर्षानुवर्षे टिकते.

पानावरची धूळ

मग हे झाड आपल्या कामाचे नाही का? आहे, पण वेगळ्या अर्थाने. खाली माग आणि वर बिऱ्हाड, किंवा भिंतीला भिंत लागून कारखाना, अशी घरे भिवंडीत किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. अशा घरातल्या स्पायडरचे पान चार दिवस पुसू नका. मग ओला पांढरा कपडा त्यावरून फिरवा. कपड्यावर करडा थर येतो आणि त्यात सुताचे बारीक केस असतात. आम्ही एका घरात हे करून दाखवले तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, "मी तर रोज झाडते!" झाडतात, हे खरेच. पण कोरड्या झाडूने धूळ उडते, थोडा वेळ हवेत राहते आणि पुन्हा बसते. पानावर जे बसले तेच चार दिवस घरातल्या माणसांच्या छातीतही जात होते. पान धूळ खाऊन टाकत नाही, फक्त दाखवते.

धूळ बसली की पानाला उजेड मिळत नाही आणि झाड मरगळते. म्हणून आठवड्यातून एकदा पाने ओल्या कपड्याने, खालून हाताचा आधार देऊन, देठाकडून टोकाकडे पुसायची. त्याच वेळी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, पंख्याची पाती पुसा. मागावरून आलेल्या माणसाचे कपडे घरात झटकू नका, दाराबाहेर झटका किंवा सरळ भिजत घाला. कामावर नाकाला मास्क हवाच. गरम होते, गुदमरते, हे आम्हाला माहीत आहे, तरीही.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची सुरुवातीची खूण विचित्र असते. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, खोकला येतो, आणि पुढच्या दिवसांत आपोआप बरे वाटू लागते. त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो. वर्षे गेली की मग रोजच दम लागतो. पिंजण आणि कताईच्या खात्यात हा आजार जास्त दिसतो, पण सुताच्या धुळीत राबणाऱ्या कुणीही त्याकडे लक्ष द्यावे. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजारांची जी यादी आहे, तीत बिसिनोसिसचे नाव आहे. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर "मी मागावर काम करतो, इतकी वर्षे झाली" हे स्वतःहून सांगा आणि कागदावर लिहून घ्या.

आणि कोणताही खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यायची. ती मोफत असते. बाटलीवाल्या ताईंना आम्ही त्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगितली. झाडाचे नंतर बघू म्हटले.

कुंडी, माती, पाणी

आता झाडाकडे. स्पायडर उपटून पाहिले तर लहान मुळ्यासारखी जाड, पांढरी मुळे दिसतात. त्यांत पाणी साठवलेले असते. म्हणून चार-पाच दिवस पाणी मिळाले नाही तरी हे झाड मरत नाही. गावाला जाऊन या, ते वाट बघते. मरते ते जास्त पाण्याने. आमचे पहिले रोप असेच गेले. रोज सकाळी प्रेमाने तांब्याभर पाणी घालत होतो. पाने पिवळी पडली तेव्हा तहान लागली असेल म्हणून दोन तांबे घातले. उपटले तेव्हा मुळे काळी, लिबलिबीत झाली होती आणि वास मारत होती.

कुंडी विकत आणायची गरज नाही. तेलाचा पाच लिटरचा डबा, रंगाची बादली, काहीही चालते. तळाला पाच-सहा भोके मात्र हवीतच. प्लास्टिकला खिळा तापवून भोक पाडता येते (हे काम मुलांना देऊ नका, आणि वितळलेल्या प्लास्टिकचा धूर नाकात जाऊ नये म्हणून बाहेर करा). रासायनिक किंवा जंतुनाशकाचा डबा घेऊ नका. माती दोन भाग, चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि विटेचा चुरा किंवा जाड रेती एक भाग. तळाला खापराचे तुकडे. माती कुठून आणता ते बघा. डाइंगच्या पाण्याच्या नाल्याकाठची काळी माती भुसभुशीत दिसते, पण तिला हात लावू नका. तिच्यात काय काय मुरले आहे ते सांगता येणार नाही.

जागा दाराच्या किंवा खिडकीच्या जवळ, जिथे पुस्तक वाचता येईल इतका उजेड आहे तिथे. दुपारचे थेट ऊन नको, पाने भाजतात. अगदी अंधाऱ्या खोलीत झाड जगते, पण पट्टे फिके पडतात आणि बाळे येत नाहीत. अशा घरी दोन रोपे करावीत. एक आठवडाभर आत, एक बाहेर गॅलरीत, मग अदलाबदल. टांगायचे असेल तर पत्र्यापासून खाली टांगा. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या दोन फुटांत काय भट्टी असते ते वर हात केला की कळते. त्या दिवसांत रोप जमिनीवर, माठाशेजारी आणून ठेवले तर माणसांसारखेच त्यालाही बरे वाटते.

पाणी घालायचे का, हे बोटाला विचारायचे. पहिले पेर मातीत खुपसा. ओल लागली तर आज नको. कोरडे लागले तर भोकांतून पाणी निथळेपर्यंत घाला. साधारणपणे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, थंडीत एकदा, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी. आपल्याकडे नळाला पाणी येते तेव्हा पिंपे भरायची घाई असते, झाडासाठी वेगळे पाणी कुठून आणायचे? तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी चालते, पण ताजे असताना द्यायचे, आंबवून ठेवायचे नाही. साबणाचे, मिठाचे पाणी नको. पाणी शुद्ध करण्याच्या मशीनमधून बाहेर फेकले जाणारे पाणीही नको, त्यात क्षार दाटलेले असतात.

पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात, ही स्पायडरची सगळ्यात नेहमीची तक्रार. रोग नव्हे तो. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने, नळाच्या पाण्यातल्या क्लोरिन-फ्लोराइडने किंवा फार कोरड्या हवेने असे होते. नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून सकाळी घातले तर क्लोरिन उडून जाते. ते भांडे सकाळी रिकामे करायला मात्र विसरू नका. मातीवर पांढरी पापडी आली असेल तर ती खरवडून काढा आणि पावसाच्या पाण्याने माती दोनदा निथळून घ्या. वाळलेली टोके कात्रीने तिरकी कापली की झाड पुन्हा नीट दिसते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर मात्र नीट पाहा. सूत बसले आहे की पिठ्या ढेकूण? पुसल्यावर चिकट लागले तर पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला थोडे साबणाचे पाणी लावून ते पुसून काढा, मग साध्या पाण्याने पान धुवा. दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावे लागते.

खताची फार हौस नको. पावसाळ्याच्या तोंडाला आणि दिवाळीनंतर मूठभर गांडूळखत पुरे. वर्ष-दोन वर्षांत मुळे डबा गच्च भरून माती वर उचलतात. मग झाड काढून सुरीने दोन भाग करायचे आणि दोन डब्यांत लावायचे.

बाळे बाटलीत नकोत

या झाडाची खरी गंमत पुढे आहे. जुन्या झाडाला लांब दांडा फुटतो, त्यावर लहान पांढरी फुले येतात आणि मग दांड्याच्या टोकाला छोटी रोपे लटकू लागतात, कोळ्यासारखी. म्हणून तर नाव स्पायडर. एका झाडाला वर्षात बरीच बाळे येतात. नर्सरीत शंभर रुपये देऊन आणायचे हे झाडच नव्हे, हे वाटायचे झाड आहे.

बाळ लावायची पद्धत जवळपास सगळीकडे एकच झाली आहे: तोडायचे, पाण्याच्या बाटलीत ठेवायचे, मुळे सुटताना बघायची. दिसायला सुंदर. पण स्वच्छ, साठलेले, घरातले, सावलीतले पाणी डेंग्यूच्या एडिस डासाला नेमके हवे असते. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. हा डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. म्हणजे बाटली ज्यांच्या उशाशी, डेंग्यूही आधी त्यांनाच. नुसते पाणी ओतून दिले तरी भागत नाही. अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. पुन्हा पाणी भरले की फुटतात.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. बाळ पाण्यात ठेवूच नका. त्याच्या बुडाशी लहान गाठीसारखी मुळे दिसू लागली की आईजवळच दुसरा डबा ठेवा, बाळ दांड्यासकट त्याच्या मातीवर टेकवा, केसांच्या आकड्याने दांडा मातीत अडकवा. तीन-चार आठवड्यांत ते मातीत धरते, मग दांडा कापायचा. तोवर आई त्याला पोसत असते. बाटलीच हवी असेल तर तोंड कापसाने घट्ट बंद करा आणि दर चार दिवसांनी पाणी बदलताना बाटली आतून ब्रशने घासा. कुंडीखालच्या ताटलीत रेती भरा म्हणजे पाणी उघडे राहत नाही. आठवड्यातला एक वार ठरवून कूलर, ताटल्या, पिंपे, पाळीव पक्ष्याची वाटी, सगळे रिकामे करून घासून कोरडे करा. पिंपांना झाकण किंवा घट्ट बांधलेला कपडा हवा.

ताप आलाच तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नका. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ताप उतरल्यावर येणारी गळून गेल्यासारखी अवस्था, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात न्या.

त्या ताईंच्या मिस्टरांची थुंकी तपासली, क्षयरोग निघाला नाही. छातीचा फोटो काढला, आता दम्यासारखे औषध सुरू आहे आणि डॉक्टरांच्या कागदावर "यंत्रमाग, १९ वर्षे" असे लिहिलेले आहे. बाटलीतले रोप ताईंनी तेलाच्या डब्यात लावले. डबा उशाकडून दाराशी आला, आणि जी खिडकी धूळ येते म्हणून खिळे मारून बंद केली होती ती त्यांनी उघडली. ती मागांच्या बाजूला नाही, गल्लीच्या बाजूला आहे. तिला ओला पडदा लावतात.

विहाराच्या पायरीवर आता स्पायडरचे चार डबे आहेत आणि त्यांना बाळे आली आहेत. ज्यांना हवी त्यांनी रविवारी वंदनेनंतर घेऊन जावीत. येताना भोके पाडलेला डबा आणावा. बाटली आणणाऱ्याला रोप मिळणार नाही.